एका तेलाच्या डागाचा पंचनामा

आमच्या घराच्या पडवीत, शहाबादी फरशीवर, तेलाचा एक डाग आहे. सोडा, लाकडाचा भुसा, रॉकेल आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून एकदा रिठ्याचे पाणीदेखील, असे नाना उपाय योजूनही तो हटलेला नाही. आणि हटावा तरी कसा, कारण ज्या गाडीने तो पाडला ती १९६८ सालची बुलेट अद्यापि त्याच जागी उभी असते आणि आपल्या वहिवाटीचा दाखला दर पंधरवड्यास तेथे नव्याने नोंदवीत असते. या डागापायी तीन मिस्त्री झाले. पहिल्याने टॅपेट कव्हरची पॅकिंगे बदलली. दुसऱ्याने क्रँककेसच्या सांध्यावर चिकट लेपाचा एवढा जाड थर चढविला की वाळल्यावर तो लाखेच्या मोहरेसारखा दिसू लागला. तिसऱ्याने प्रायमरी चेनकेसचे रबर बदलून, पहिल्या दोघांच्या अज्ञानाविषयी यथास्थित बोलून, आपली मजुरी घेतली. डाग होता तेथेच राहिला. चौथा मनुष्य मिस्त्री नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभे आयुष्य लेथवर घालविलेला तो एक वृद्ध टर्नर होता आणि आमच्याकडे आला होता तो नातीच्या लग्नाची पत्रिका देण्यास. चहा होईपर्यंत तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, गुडघ्यावर हात टेकून त्याने खालून काही पाहिले, आणि मग मला विचारले, “गाडी रोज अशी तिरकीच लावताय काय?”

हा प्रश्न मला त्या वेळी अगदी अप्रस्तुत वाटला. तेल गळते इंजिनातून, आणि हा गृहस्थ विचारतो गाडी उभी कशी करता! परंतु पुढे या प्रकरणाची शहानिशा करता करता जे हाती लागले त्यावरून माझे असे निश्चित मत झाले आहे की जुन्या चौफटकी मोटारसायकलीच्या निम्म्या तक्रारी, विशेषतः तेलगळतीच्या, ज्या भागातून तेल बाहेर येते त्या भागाच्या नसतातच. इंजिनाच्या ठोक्याचे, पेट्रोलच्या टाकीवरील सोनेरी रेघांचे आणि काळ्या रंगाच्या तकाकीचे गोडवे गाणारे लेख आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु गाडीने श्वास कसा टाकावा आणि विश्रांती कशी घ्यावी, म्हणजेच ब्रीदर आणि स्टँड, या दोन बाबी किरकोळ खात्यात ढकलून दिल्या गेल्या. किरकोळ खात्याचे दुर्लक्ष कालांतराने मुख्य खात्यास भोवते, हा अनुभव केवळ सरकारी दफ्तरांपुरताच आहे असे नाही.

अशा जुन्या गाड्यांस लावल्या जाणाऱ्या ‘विंटेज’ या शब्दाचा खुलासा प्रथम करणे इष्ट, कारण त्याचा या दुरुस्त्यांशी थेट संबंध आहे. इंग्लंडातील जुन्या मोटारसायकलींच्या उपासकांचा दंडक मोठा कडक: १९३० सालच्या अखेरपर्यंत घडविलेले यंत्र तेवढे विंटेज, आणि १९१५ पूर्वीचे असेल तर त्यास ‘व्हेटरन’ हा त्याहून वरचा मान. त्या हिशेबाने माझी बुलेट म्हणजे कालचे पोर. आपल्या केंद्र सरकारने मात्र २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या, खाजगी वापराच्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस हा दर्जा दिला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, दाखल्याची मुदत १० वर्षे, आणि नंबरात ‘व्हीए’ ही दोन अक्षरे, अशी ती तजवीज आहे. अशी नोंदणी झालेली गाडी नित्याच्या कामासाठी नव्हे, तर प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल इतक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणावयाची असते. त्यांतील सर्वांत महत्त्वाची अट अशी की सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सबब, क्रँककेसला नवे भोक पाडून त्यात नळी बसविणे किंवा चौकटीवर नवा कान वेल्डिंगने चिकटविणे, हे जे उपाय पुष्कळ ठिकाणी बिनदिक्कत केले जातात, ते रोग्याचे नाव बदलून त्यास बरा झाला म्हणण्यासारखे आहेत. दुरुस्ती अशी असावी की उद्या ती काढून घेतली असता यंत्र पूर्वस्थितीस यावे.

बुलेटचा पूर्वेतिहास आपल्या वाचकांस बहुधा ठाऊक आहे. तो थोडक्यात सांगून पुढे जातो. इंग्लंडातील रेडिच हे मुळात शिवणकामाच्या सुयांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील रॉयल एनफील्ड कंपनीने १९०१ साली पहिली मोटारसायकल काढली, १९३२ साली ‘बुलेट’ हे नाव प्रथम वापरले, आणि १९४९ च्या सुमारास, मागील चाकास स्विंगआर्म व स्प्रिंगांचा आधार असलेली ३५० सीसीची बुलेट बाजारात आणली. आपल्या लष्कराच्या गस्तीसाठी हीच गाडी पसंतीस उतरली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एनफील्ड इंडियाची स्थापना झाली, आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे विलायतेहून आलेले सुटे भाग जोडता जोडता पुढे सगळेच भाग येथे घडू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. तिरुवोट्टियूरचा चालू राहिला. त्यामुळे इंग्रज अभियंत्याने आखलेले हे इंजिन, त्याच्या गुणांसह आणि त्याच्या खोडींसह, विसावे शतक संपेपर्यंत आपल्या गल्लीबोळांतून धडधडत राहिले.

त्या खोडींचे मूळ शोधावयाचे तर पिस्टनच्या माथ्यावर काय घडते हे विसरून त्याच्या पायाखाली काय घडते ते पाहावे लागते. बुलेटच्या बोअरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन एकदा खाली आला की त्याच्याखाली असलेल्या क्रँककेसमधील ३४६ घनसेंटिमीटर जागा तो व्यापतो, आणि तेवढ्या हवेस कोठेतरी जावे लागते. मिनिटास ३,००० फेरे, हा काही फार वेग नव्हे. तरी त्या वेगाने हे सेकंदास ५० वेळा होते, आणि हिशेब केला असता सेकंदास १७ लिटरांहून अधिक हवा एका बंद पेटीत दाबली जाते व तितक्याच तातडीने पुन्हा ओढली जाते. पेटी खरोखरच बंद असेल तर हा दाब सांध्यासांध्यांवर, ऑइल सीलांवर आणि टॅपेट कव्हरांच्या पॅकिंगांवर आदळत राहील आणि जेथे फट सापडेल तेथून तेलाचे तुषार घेऊन बाहेर पडेल. शिवाय रिंगांच्या कडांवरून जळलेल्या वायूंचा काही अंश खाली उतरतो तो निराळाच.

यावर उपाय काय, हे आपल्या गावच्या लोहारास विचारले असते तर त्याने भात्याकडे बोट दाखविले असते. भात्यास चामड्याची एक झडप असते: भाता उचलला की ती उघडते व हवा आत येते; भाता दाबला की ती मिटते व हवा नळीने विस्तवाकडे जाते. ब्रीदर ही याच युक्तीची उलट बाजू होय. पिस्टन खाली येताना झडप उघडावी आणि हवा बाहेर पडावी; पिस्टन वर जाताना झडप मिटावी आणि बाहेरची हवा आत येऊ नये. असे काही फेरे झाले की क्रँककेसमधील बरीचशी हवा निघून जाऊन आत किंचित निर्वात स्थिती उत्पन्न होते, आणि मग सांध्यांतून तेल बाहेर पडण्याऐवजी बाहेरील हवेचा दाबच त्यास आत रोखून धरतो. वस्तुतः ‘ब्रीदर’ हे नाव फसवे आहे. त्याने केवळ उच्छ्वास टाकावयाचा असतो. तो श्वासही घेऊ लागला की समजावे, येथे व्याधी जडली.

निरनिराळ्या निर्मात्यांनी ही झडप निरनिराळ्या प्रकारे साधली. ट्रायम्फ कंपनीच्या एडवर्ड टर्नर या अभियंत्याने १९३७ साली पुढे आणलेल्या स्पीड ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर व एकाच वेळी खाली जातात; त्यामुळे तेथे हवेची घुसळण एकाच मोठ्या पिस्टनासारखीच होते, आणि तीवर त्याने इनलेट कॅमशाफ्टच्या टोकाने फिरणारी, नेमक्या क्षणी छिद्र उघडून मिटविणारी चकती बसविली. पुढे १९७० सालच्या ६५० सीसी गाड्यांत ट्रायम्फने ही चकतीच काढून टाकली व क्रँककेसची हवा प्रायमरी चेनकेसच्या प्रशस्त पोकळीतून बाहेर सोडली. म्हणजे झडपेचे काम जागेच्या विस्ताराने भागविले. बीएमडब्ल्यूच्या आडव्या इंजिनात दोन पिस्टन परस्परविरुद्ध दिशांना धावतात म्हणून तेथे हा उपद्रव नसावा असे वाटते. पण दोघे एकाच वेळी आत येतात व एकाच वेळी बाहेर जातात, तेव्हा तेथेही घुसळण आहेच. एक वर असता दुसरा खाली, अशी रचना असलेल्या जपानी जोडइंजिनांत मात्र एकाचे देणे दुसऱ्याच्या येण्यात वळते होते.

या हिशेबातला सर्वांत चतुर व्यवहार दोनफटकी इंजिनाचा. मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावाचा कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथून ज्या जावा बाहेर पडू लागल्या, त्यांच्या क्रँककेसमध्ये हीच घुसळण इंधन व हवा यांचे मिश्रण ओढून घेण्याच्या आणि वर ढकलण्याच्या कामी लावलेली असते. बुलेट ज्यास उपद्रव मानून बाहेर घालविते त्यावर जावाचा सगळा संसार चालतो. म्हणून जावाचा मालक बुलेटवाल्याच्या या गाऱ्हाण्याकडे मिस्किलपणे पाहतो. त्याची गाऱ्हाणी निराळी आहेत, व ती येथे काढण्याचे प्रयोजन नाही.

जुन्या बुलेटमध्ये क्रँककेसवर एक लहानसे घर असून त्यात पातळ पोलादी चकती मोकळी बसविलेली असते. खालून दाब आला की ती उचलली जाते, दाब सरला की आपल्या बैठकीवर बसते. घरातून निघालेली नळी मागील चेनकडे जाते, आणि उच्छ्वासाबरोबर येणारे तेलाचे बारीक तुषार चेनवर पडून तिला वंगण मिळते. काटकसरीचा हा एक सुरेख नमुना, असे मला नेहमी वाटत आले आहे. पुढील वर्षांच्या गाड्यांत चकतीच्या जागी रबराची, बदकाच्या चोचीसारखी मिटणारी झडप आली, आणि तेल अडविण्यासाठी एक डबाही आला. चकती असो वा चोच असो, तिचे बिघडणे साधे असते. चकतीखाली काजळीचा कण अडकतो, तिची बैठक खड्डेदार होते, किंवा मागे कधीतरी घर उघडलेल्या कारागिराने ती उलटसुलट हाताळून हरवून टाकलेली असते व तिच्यावाचूनच घर बंद केलेले असते; हा शेवटचा प्रकार मी स्वतः दोन गाड्यांत पाहिला आहे. रबरी चोच उन्हाने व तेलाने कडक होऊन कायमची उघडी राहते किंवा ओठ चिकटून कायमची मिटते. नळी कोठे पिळली गेलेली असते, कोठे मूळ जाडीची न मिळाल्याने पेट्रोलची बारीक नळीच लावून दिलेली असते. आणि सेकंदास ५० वेळा सुटणाऱ्या उच्छ्वासास ती वाट अपुरी पडते. तसेच नळीचे तोंड चेनवर न राहता टायरवर आले तर तेलाची बचत होत नाही, हाडे मात्र मोडतात.

परीक्षा करावयाची रीत घरगुती आहे. इंजिन गरम झाल्यावर नळीच्या तोंडावर तळहात धरावा. हलके हलके फुंकर लागावी, ओढ लागू नये. अधिक रुजुवात हवी असेल तर नळीस पारदर्शक तुकडा जोडून त्याचे टोक एका बाटलीत, बोटभर स्वच्छ इंजिन ऑइलात, जेमतेम बुडेल इतके ठेवावे. पाणी वापरू नये, कारण झडप नादुरुस्त असेल तर ते इंजिनात ओढले जाण्याची भीती. सुरुवातीस बुडबुडे भराभर येऊन मग मंदावले, तर झडप आणि रिंगा दोन्ही धड आहेत. नळीत तेल वर चढू लागले, तर झडप मिटत नाही. आणि बुडबुडे मंदावण्याचे नावच घेत नाहीत, शिवाय सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आहे, तर मात्र रिंगा झिजल्या असून जळलेले वायू खाली उतरत आहेत. तेथे ब्रीदर बिचारा निरपराध असून रिबोअर केल्यावाचून गत्यंतर नाही. सांध्यावर लेप चढविण्यापूर्वी ही पाच मिनिटांची चौकशी तीनही मिस्त्रींपैकी एकाने केली असती, तर माझे पैसे वाचले असते एवढेच नव्हे, तर सुटे करताना ज्या स्क्रूंचे आटे गेले ते आज शाबूत असते.

तथापि ब्रीदरमधून तेल ओकले जाण्याचे एक कारण असे आहे की ज्यात झडप, नळी, रिंगा सर्व निर्दोष असतात, आणि दोष असतो मालकाच्या तत्परतेचा. बुलेटचे तेल क्रँककेसच्याच ओतकामात, मागील बाजूस, स्वतंत्र कप्प्यात असते. तेथून एक पंप ते फिरत्या भागांकडे पाठवितो आणि दुसरा, अधिक क्षमतेचा पंप खाली साचलेले तेल परत कप्प्यात आणून टाकतो. गाडी दोनचार आठवडे उभी राहिली की पंपाच्या झिजलेल्या बैठकीतून तेल हळूहळू कप्प्यातून क्रँककेसमध्ये उतरते. मालक सुटीच्या दिवशी मोठ्या उत्साहाने झाकण उघडून तेलाची पातळी दाखविणारी दांडी पाहतो, तो कप्पा जवळजवळ रिकामा! तो घाबरून लिटरभर तेल ओततो. वस्तुतः तेल कोठेच गेलेले नसते. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेले असते. मग किक बसते, फ्लायव्हील त्या तेलाच्या डोहात घुसळू लागते, परतीचा पंप धावाधाव करून जुने तेल कप्प्यात आणतो तो तेथे नवे आधीच भरलेले. आणि जे कोठेच मावत नाही ते ब्रीदरच्या वाटेने पडवीभर होते. यानंतर ब्रीदर खराब आहे असा हुकूमनामा निघतो. जमाखर्च न पाहता तिजोरी भरणाऱ्या कारभाऱ्याची ही गोष्ट आहे, आणि तीत फिर्यादीच आरोपी आहे.

पावसाळ्यात आणखी एक देखावा दिसतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आषाढात थोडथोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ब्रीदरच्या नळीत व तेलाच्या झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखा पांढरा फेस जमतो. मोटारीच्या हेड गॅस्केटच्या कथा ऐकलेला मनुष्य तो पाहून हबकतो. पण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी असणार कोठून? इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले जाते, आतील बाष्प थंड होऊन तेलात मिसळते, त्याचा हा फेस. तासभर सलग चाललेल्या फेरीत तो बहुतेक निघून जातो. फक्त नळीस मध्येच झोळ पडलेला नसावा, कारण झोळात साचलेले पाणी आणि तेल बुचाचे काम करते.

आता दुसऱ्या बाबीकडे, म्हणजे गाडी उभी राहण्याच्या मामल्याकडे वळतो. गियर व क्लच यांपूर्वीच्या काळी, जेव्हा इंजिनापासून चामड्याचा पट्टा थेट मागील चाकावर जात असे, तेव्हा मागील चाक अधांतरी धरणारा स्टँड ही चैन नव्हती. त्यावर गाडी चढवून, सायकलसारखी पायंडले मारून, इंजिन चालू करीत. हा मागचा स्टँड चौकटीच्या मागील टोकाशी बिजागरीने जोडलेला असे आणि एरवी मडगार्डास अडकविलेला असे. पुढील चाक काढता यावे म्हणून कित्येक गाड्यांस पुढेही स्टँड असे. व्हिन्सेंटने तर दोन बाजूंचे दोन टेकू एकत्र वापरून त्यांचाच पुढचा स्टँड करण्याची सोय ठेवली होती. परंतु मागील चाक स्प्रिंगांवर खालीवर होऊ लागताच चौकटीचे ते स्थिर टोक राहिले नाही, आणि स्टँड चौकटीच्या मध्यभागी, इंजिनाच्या खाली, सरकला. बुलेटचा सेंटर स्टँड हा या स्थलांतराचा वारसदार.

त्याची भूमिती दिसते तितकी सामान्य नाही. स्टँडवर पाय देऊन गाडी मागे ओढली की त्याचे पाय लंबरेषा ओलांडून किंचित पुढे जातात आणि तेथे एका आडणीस टेकून थांबतात. गाडीचे वजनच मग त्यांस त्या जागी दाबून धरते. आडणी झिजली की पाय गरजेपेक्षा पुढे जातात, गाडी खाली बसते. खिळीचे भोक लंबगोल झाले की दोन्ही पाय एका पातळीत राहत नाहीत, गाडी एका अंगास कलते. आणि पन्नास वर्षे फरशीवरून फरफटत नेल्याने पायांचे तळवे घासले गेले की मागील चाक जमिनीस टेकते. याखेरीज कोणी जाड टायर घातला, वा मूळ मापाहून लांब शॉकअब्सॉर्बर बसविले, तर स्टँड निर्दोष असूनही आखूड पडतो. सपाट फरशीवर मागील चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे, ही साधी कसोटी. कारण चेनचा ताण, चाकाची सरळ रेषा आणि तेलाची पातळी या तिन्ही गोष्टी त्या सरळ उभे राहण्यावर अवलंबून आहेत.

दुरुस्तीचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटा चालतो. तळव्यांस प्रथम लोखंडाचे तुकडे चिकटविले जातात, आणि त्यामुळे उंच झालेला स्टँड ढिल्या खिळीवर अधिकच डगमगतो. आधी खिळी आणि तिची भोके पाहावीत. भोके रीमरने गोल करून त्यांत बुश दाबून बसवावीत व खिळी त्या मापाची लेथवर काढून घ्यावी. मग आडणीवर भर घालावी. त्यानंतर गाडी उभी करून, दोन्ही पायांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या सारून, किती उंची कमी आहे ते मोजावे, आणि तेवढ्याच जाडीची, मूळ वळणाची पट्टी तळव्यास जोडावी. त्याहून जास्त नव्हे, नाहीतर गाडी चढविताना कंबर मोडते. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. पुष्कळ जुन्या ब्रिटिश चौकटींचे कान, ज्यांत स्टँडची खिळी बसते, ते मॅलिएबल ओतीव लोखंडाचे असतात. त्यांवर आर्क वेल्डिंग केले की जोडाशेजारचे लोखंड काचेसारखे ठिसूळ होते व काही महिन्यांनी तेथूनच तडकते. तेथे कमी उष्णतेचा पितळी जोडच द्यावा, आणि तो देणारा हात जाणता असावा.

स्प्रिंगविषयी दोन शब्द. स्टँड वर असताना वर आणि खाली असताना खाली धरून ठेवणे, ही दोन्ही कामे तिचीच. ती ढिली झाली की खड्ड्याखड्ड्यास स्टँड आपटतो आणि वळणावर रस्त्यास घासतो. नवी स्प्रिंग चढविताना पक्कड निसटून बोटे फुटल्याची उदाहरणे घरोघर आहेत. माझ्या टर्नर स्नेह्याने दाखविलेली युक्ती अशी: स्प्रिंग शिकंज्यात धरून एका अंगास वाकवावी, वेटोळ्यांत फटी पडतील त्यांत एकेक नाणे वा वायसर सरकवावा, मग दुसऱ्या अंगास वाकवून तेच करावे, स्प्रिंग आपोआप लांब झालेली असते, ती हलक्या हाताने हुकात अडकवावी, आणि स्टँड खाली ओढताच नाणी खणखणत जमिनीवर पडतात. चलनातून गेलेल्या जुन्या दहा पैशांचा याहून चांगला विनियोग मला माहीत नाही.

या दोन वाटा एकत्र मिळतात त्या साइड स्टँडपाशी. सेंटर स्टँड डगमगू लागला की मालक, मीही त्यांपैकीच, साइड स्टँडवर गाडी टेकवून मोकळा होतो. साइड स्टँड डाव्या अंगास. बुलेटचे प्रायमरी चेनकेसही डाव्या अंगास, आणि त्याचे बाहेरचे झाकण मध्यभागी एकाच नटाने आवळलेले, कडेस रबराची एक पट्टी. गाडी डावीकडे कलली की आतले तेल त्या झाकणाच्या सांध्यावर येऊन रात्रभर टेकून राहते. त्यातच ब्रीदर तुंबलेला असला तर क्रँककेसमधील दाब डाव्या बाजूच्या सीलमधून इंजिनाचे तेल याच चेनकेसमध्ये लोटतो, तेथली पातळी मर्यादेच्या वर जाते, क्लच घसरू लागतो, आणि रबर नवे असो वा जुने, सांधा पाझरतो. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते. ब्रीदरची चकती काजळीने बैठकीस चिकटली होती. स्टँडच्या खिळीचे एक भोक वाटाण्याएवढे वाढले होते. आणि तिसरा मिस्त्री ज्या सांध्यास दोषी ठरवीत होता तो केवळ दोन अपराध्यांच्या मधे सापडलेला साक्षीदार होता. चेनकेसवरील पातळीचा स्क्रू उघडला असता थेंब पडण्याऐवजी धार लागली, तेव्हा त्या वृद्धाने पत्रिका देताना विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला उलगडला. साइड स्टँडवर उभी असता गाडीवर बसून किक मारण्याची सवय तर याहून घातक, कारण मनुष्याचे आणि गाडीचे सारे ओझे एका लहानशा कानावर येते. परंतु त्याविषयी लिहिण्याचा मला नैतिक अधिकार नाही, कारण तो कान मी एकदा वाकविला आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल आणि चातुर्मासभर आच्छादनाखाली उभ्या असलेल्या पुष्कळ बुलेटी पडवीतून बाहेर निघण्याच्या तयारीत असतील. त्यांच्या मालकांस एवढीच विनंती: दांडी कोरडी दिसली म्हणून तेल ओतू नये. गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करावी, क्रँककेसच्या तळाचे बूच काढावे, जे तेल येईल ते स्वच्छ भांड्यात घेऊन मोजावे, गाळून कप्प्यात परत घालावे, इंजिन पाच मिनिटे चालू द्यावे, आणि मगच दांडी पुन्हा पाहावी. माझ्या गाडीतून यंदा पाऊण लिटर निघाले. बाजारातून एक थेंबही आणावा लागला नाही.